मेणबत्तीचा प्रयोग व्हिडिओत नेहमीच जमतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका पालकांचे पत्र आले आहे. शाळेतल्या रसायनाच्या प्रॅक्टिकलवर वेळ आणि पैसा घालवण्यापेक्षा मुलांना मोबाइलवर चांगला व्हिडिओ दाखवावा, असे त्यांचे म्हणणे. ॲसिडची भीती नाही, काच फुटत नाही आणि प्रयोग कधी फसत नाही, ही त्यामागची तीन कारणे. पत्र सभ्य भाषेत आहे, मुद्दे रोखठोक आहेत. पहिल्या दोन कारणांवर मी फारशी हुज्जत घालणार नाही. तिसऱ्यावर घालणार, कारण माझी सारी नोकरी बडोद्यातल्या एका शाळेत प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून गेली आणि फसलेले प्रयोग माझ्याइतके फार थोड्यांनी पाहिले असतील.

मी शिक्षिका नव्हते हे आधीच सांगते. बाटल्यांना लेबले डकवायची, स्पिरिटचे दिवे भरायचे, ब्युरेटच्या कॉकला व्हॅसलीन लावायचे, तास संपला की परीक्षानळ्या ब्रशने घासून स्टँडवर पालथ्या घालायच्या, हे माझे काम. पण हात बेसिनमध्ये असले तरी कान वर्गातच असतात. वर्षानुवर्षे तेच धडे कानांवरून गेले. खालच्या इयत्तांत हवा, दहावीला आम्ल-आम्लारी-क्षार, अकरावीला समतोल, म्हणजे अभिक्रिया दोन्ही दिशांनी होते हे दाखवणाऱ्या दुहेरी बाणांचे प्रकरण. या तिन्ही धड्यांत अशी एकेक जागा आहे जिथे सांगितले जाते एक आणि नळीत घडते दुसरेच. ती जागा पाहायची तर नळी स्वतःच्या हातात हवी. दुसऱ्याच्या हातातली, तीही कापून-जोडून दाखवलेली, चालत नाही.

हवेचे घ्या. मेणबत्तीचा प्रयोग न पाहिलेला माणूस विरळाच. बशीत रंगीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून पालथा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी आत चढते. मग सांगायचे, की मेणबत्तीने ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली, पाणी एक पंचमांश चढले, सबब हवेत ऑक्सिजन 21 टक्के. व्हिडिओत तर पाणी बरोबर खुणेपाशी येऊन थांबते आणि वर बासरी वाजते.

टेबलावर ते तसे होत नाही. मेणबत्ती जळत असते तोवर पाणी जागचे फारसे हलत नाही. ज्योत मिटली की मग एकदम उसळी मारून चढते. ऑक्सिजन जळताना संपत असेल, तर पाण्यानेही जळतानाच हळूहळू चढायला नको का? शिवाय ग्लास ठेवताठेवता कडेने दोन-चार बुडबुडे बाहेर निसटलेले असतात, ते पुढच्या बाकावरच्या मुलांनाच दिसतात. आणि एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी चांगलेच वर जाते. ग्लास तोच, आतली हवाही तितकीच. आमच्या शाळेत नववीतल्या एका मुलीने यावर विचारले होते, "म्हणजे मेणबत्त्या वाढवल्या की हवेतला ऑक्सिजन वाढतो का?" वर्ग हसला. माझ्या मते त्या तासाला विचारलेला खरा प्रश्न तेवढा एकच होता.

खरी गोष्ट अशी. ज्योतीने आतली हवा तापते, फुगते, थोडी बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आक्रसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. पाणी चढण्याचे मुख्य कारण हे. ऑक्सिजन तर संपलेलाच नसतो. आतल्या हवेत तो साधारण 16 टक्क्यांवर उतरला की मेणबत्ती मान टाकते, म्हणजे तीन चतुर्थांश ऑक्सिजन शिल्लक असतानाच. शिवाय जो खर्च होतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होऊन बसतोच. तेव्हा तो एक पंचमांश म्हणजे ग्लास, मेणबत्ती आणि घाई यांचा योगायोग.

एक पंचमांश खरोखर मोजायचा असेल, तर त्याची रीत वेगळी आणि अगदी स्वस्त आहे. परीक्षानळी आतून ओली करायची, त्यात लोहकीस टाकून नळी फिरवायची म्हणजे कीस भिंतीला चिकटतो, मग पाण्याच्या बीकरमध्ये ती पालथी उभी करायची आणि विसरून जायचे. शनिवारी लावली तर सोमवारी कीस तपकिरी झालेला दिसतो आणि पाणी वर सरकलेले. आणखी काही दिवसांनी ते एका जागी थांबते ते थांबतेच. फूटपट्टी लावून मोजा, नळीच्या पाचव्या भागाच्या आसपास येते. इथे ज्योत नाही, उष्णता नाही, फुगणे-आक्रसणे नाही. गंजाने ऑक्सिजन खाल्ला, बस्स. उरलेल्या हवेत पेटती काडी घातली तर विझते. या प्रयोगाचा दोष एवढाच, की तो 35 मिनिटांच्या तासात बसत नाही आणि त्याचा व्हिडिओ कोणी शेवटपर्यंत पाहणार नाही.

हवेत काय आहे हे माणसाला कळले तेसुद्धा असेच, अंगठ्याएवढ्या व्हिडिओत न मावणाऱ्या चिकाटीने. फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिएने पारा हवेसोबत बारा दिवस तापवत ठेवला. पाऱ्यावर लाल भुकटी धरली, हवा घटली. तीच भुकटी वेगळी काढून आणखी कडक तापवली, तर पारा परत मिळाला आणि गेलेली हवाही परत आली. ती होती ऑक्सिजन. बेताच्या आचेवर पारा ऑक्सिजन धरतो, कडक आचेवर सोडतो. हवेचा पहिला धडा ज्या प्रयोगाने लिहिला गेला, त्याच्या पोटातच अकरावीचा दुहेरी बाण होता. पण आपण एक धडा एका इयत्तेत आणि दुसरा दुसऱ्या इयत्तेत शिकवतो आणि मधल्या सुट्टीत दोघांची ओळखही करून देत नाही. (पाऱ्याचा प्रयोग शाळेत करू नये. त्याची वाफ विषारी असते. पालकांच्या भीतीला इथे माझा पूर्ण पाठिंबा.)

जाता जाता एक. आमच्या काळच्या पुस्तकात हवेतला कार्बन डायऑक्साइड 0.03 टक्के असे. अजून कित्येक गाइडांत तेच छापतात आणि मुले तेच घोकतात. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर 1958 पासून त्याची मोजणी चालू आहे. तेव्हा तो दहा लाखांत सुमारे 315 भाग होता, आता 420 च्या वर गेला आहे. म्हणजे 0.04 टक्क्यांहून जास्त. गाइड छापणाऱ्यांनी एवढी दुरुस्ती करायला काय हरकत आहे?

आता क्षार. बारावीच्या परीक्षेला क्षार ओळखायचा असतो. पुडीत पांढरी नाहीतर रंगीत भुकटी, मुलाने तपासण्या करून सांगायचे की हा अमुक. पण तपासणी करतो कोण? निळा दिसला की कॉपर, फिका हिरवा की फेरस, आणि पांढरा दिसला की माझ्याकडे पाहायचे. पुड्या मी बांधलेल्या असत ना! नळ्या द्यायला जवळ गेले की हळूच कानाशी, "बेन, मारो सॉल्ट कयो छे?" (बाई, माझा क्षार कोणता?) मराठी घरातली मुलेही हे गुजरातीतच विचारत, कदाचित लाच मागायला ती भाषा जास्त गोड वाटत असावी. मी सांगत नसे. पण जर्नलमध्ये सगळ्यांची नायट्रेटची खूण असलेली तपकिरी कडी उमटलेली असायची, नायट्रेट असो वा नसो. आता तर नीट आणि गुजकेट या प्रवेशपरीक्षांच्या धावपळीत कित्येक ठिकाणी पुडी बांधण्याचेही कष्ट घेत नाहीत. गुण मात्र पुरेपूर पडतात.

मला विचाराल तर शेकडा नव्वद क्षार बाजूला ठेवून मी मुलाच्या हाती एकच देईन: नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. मांडवीकडच्या कुठल्याही गांधीच्या, म्हणजे गावठी औषधे विकणाऱ्याच्या, दुकानात मिळतो. कल्हईवाला ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो ओळखीचा असेल. तापल्या पातेल्यात कथिल टाकून वर तो ही पूड भुरभुरायचा, पांढरा लोट उठायचा, नाक झोंबायचे आणि कापडाच्या बोळ्याने एक हात फिरवला की पातेले आतून चकचकीत. त्या लोटात तिन्ही धडे आहेत.

कोरड्या नळीत चिमूटभर नवसागर घालून नळी तिरकी धरून तापवा. तळाची भुकटी वितळत नाही; ती नाहीशी होऊ लागते आणि वर, नळीच्या थंड भागात, पांढरी कडी धरते. कित्येक पुस्तकांत हे संप्लवनाचे, म्हणजे न वितळता सरळ वाफ होण्याचे, उदाहरण म्हणून दिलेले असते, कापराच्या शेजारी. कापूर खरेच कापूरच राहून उडतो. नवसागराचे तसे नाही. नळीच्या तोंडाशी ओला तांबडा लिटमस (आम्लारीने निळा, आम्लाने तांबडा होणारा कागद) धरून पाहा: तो आधी निळा होतो आणि जरा वेळाने पुन्हा तांबडा. नवसागर नुसता उडत असता तर लिटमसने असे दोनदा कूस बदलायचे कारण नव्हते. तापल्यावर त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. अमोनिया हलका, रेणुभार 17 चा, दुसरा 36.5 चा. हलका आधी पोचतो, लिटमस निळा करतो. जड मागून येतो आणि तांबडा करतो. वर थंडाव्यात दोघांची गाठ पडली की पुन्हा नवसागर, पुन्हा पांढरी भुकटी. कल्हईत त्यातल्या आम्लाच्या वायूने तांब्यावरचा काळेपणा खाल्ला म्हणून कथिल धरायचे, आणि उरलेले दोघे हवेत भेटून तो पांढरा लोट व्हायचा.

लिटमस निळ्याचा तांबडा होण्याआधीचा तो क्षण व्हिडिओत बहुधा कापलेला असतो. टेबलावरही पुष्कळांचा हुकतो, कारण पट्टी कोरडी राहिली किंवा नळीच्या काचेला टेकली. मग दुसरी पट्टी, पुन्हा एकदा. प्रयोग "फसतो" तो असा. पण ज्याचा दुसऱ्यांदा जमतो त्याला वासही आलेला असतो, आणि अमोनिया काय चीज आहे हे पुन्हा विचारावे लागत नाही.

दहावीच्या पुस्तकात मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, प्रयोग आहे. निळे खडे तापवले की पाणी सोडून पांढरे पडतात, पाण्याचे थेंब टाकले की पुन्हा निळे. चांगला प्रयोग आहे. त्यात माझी एकच भर. थेंब टाकताना नळीचा तळ हाताला लावून पाहायला सांगावे (नळी आधी पूर्ण गार झालेली हवी, नाहीतर तडकते आणि चटकाही बसतो). तळ कोमट लागतो. जाताना जेवढी उष्णता घेतली ती येताना परत दिली. रंग परत आला हे सगळेच पाहतात, उष्णता परत आली हे बोटालाच कळते. बर्नरवर फाजील तापवलेल्या नळीत कडेने काळे पडते, ते काही केल्या निळे होत नाही. हेही एखाद्या उतावळ्या मुलाच्या नळीत आपोआप दिसते, वेगळे शिकवावे लागत नाही. मोरचूद विषारी आहे, हात धुवायचे आणि घरची भांडी वापरायची नाहीत, हे मात्र बजावायचे.

आता दुहेरी बाण. (समीकरण मी लिहीत नाही. आपल्या टाइपात तो अर्ध्या टोकांचा बाण येत नाही आणि त्याच्या जागी बरोबरचे चिन्ह छापून आले तर माझ्या जुन्या सहकारी मला हसतील.) मुलांची समजूत बहुतेक अशी असते, की रिव्हर्सिबल म्हणजे आधी तिकडे जाते, मग परत येते, अहमदाबादला जाऊन संध्याकाळी बडोद्याला आलेल्या मेमूगाडीसारखे. मोरचुदाने ही समजूत उलट पक्कीच होते. बंद भांड्यात दोन्ही दिशा एकाच वेळी, अखंड चालू असतात आणि दोन्हींचा वेग सारखा झाला की बाहेरून सगळे थांबल्यासारखे दिसते, हे गळी उतरवणे खरेच अवघड. आणि इथे मी बडोद्याचे नाव घेणार आहे, कारण याचे उत्तर आपल्या शहराच्या वेशीवर धूर सोडत उभे आहे.

आमचे हे एका खत कारखान्यात, अमोनिया प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये होते. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया हे समीकरण प्रत्येक मुलाला पाठ असते. लोखंडाचा उत्प्रेरक, 400 ते 500 अंश, हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब, हेही पाठ. पण एका फेरीत त्यातल्या जेमतेम 15 टक्क्यांच्या आसपास वायूचा अमोनिया होतो, हे सांगितले की मुलांचा विश्वास बसत नाही. एवढा मोठा कारखाना आणि काठावरही पास नाही! मग करतात काय? झालेला अमोनिया गार करून द्रवरूपात काढून घेतात, उरलेला वायू पुन्हा आत पाठवतात. पुन्हा थोडा होतो, तो काढतात, पुन्हा पाठवतात. समतोल साधूच द्यायचा नाही, सारखे काहीतरी काढून घेत राहायचे, हीच सारी युक्ती. तापमान उतरवले तर अमोनिया जास्त मिळेल, पण अभिक्रिया इतकी मंद होईल की पाळी संपली तरी पदरात काही पडणार नाही. म्हणून ते मधले तापमान, आणि म्हणून उत्प्रेरक. परीक्षेत "कारणे द्या" म्हणून येणारा प्रश्न यांच्यासाठी रोजचा हिशेब होता.

आणि नायट्रोजन येतो कुठून? हवेतूनच. आमच्याकडच्या पद्धतीच्या प्लँटमध्ये तापलेल्या वायूत सरळ हवा सोडतात. तिच्यातला ऑक्सिजन तिथेच जळून जातो आणि नायट्रोजन उरतो. त्याच्यासोबत हवेतला आर्गॉनही येतो, 0.93 टक्के. शाळेत आर्गॉनला कोण विचारतो? "निष्क्रिय वायू, सुमारे 1 टक्का," पुढचा प्रश्न. प्लँटमध्ये मात्र तो निष्क्रिय आहे हीच डोकेदुखी असते. तो कशातच भाग घेत नाही, अमोनियाबरोबर बाहेरही पडत नाही, म्हणून फिरत्या वायूत साचत जातो. मग थोडा वायू सतत बाहेर सोडावा लागतो, त्याबरोबर चांगला हायड्रोजनही जातो आणि वरच्यांची बोलणी बसतात. हे यांनी सोसायटीतल्या मुलांना एकदा कागदावर काढून दाखवले, तेव्हा अकरावीतला एक मुलगा म्हणाला, "काका, हे तर हवेच्या धड्यातलंच आहे!" तोच अमोनिया पुढे गंधकाम्लात गेला की अमोनियम सल्फेट, फॉस्फोरिक आम्लात गेला की डीएपी. दोन्ही क्षारच, पोत्यांत भरून शेतावर जाणारे. त्या गंधकाम्लासाठी सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड करतात, तोही पुन्हा दुहेरी बाणाचाच.

जर्मन रसायनज्ञ हाबरने 1909 मध्ये कार्ल्सरूहला अमोनियाचे थेंब पाडून दाखवले आणि बॉशने 1913 मध्ये ओप्पाऊला कारखाना उभा केला, हे पुस्तकात असते. ज्याच्या नावाचे तत्त्व मुले पाठ करतात त्या ल शातेलिएनेही 1901 मध्ये हाच प्रयत्न केला होता, हे सहसा नसते. त्याच्या उपकरणात हवा शिरली होती. स्फोट झाला, आणि त्याने तो नाद सोडला. पुढे त्याला त्याची फार हळहळ वाटली. हवेतला ऑक्सिजन हायड्रोजनला भेटला की काय होते, हा तर खालच्या इयत्तेचा धडा!

दुहेरी बाणाची जन्मकथाही मिठाची आहे आणि ती गुजरातेतल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. नेपोलियनबरोबर 1798 मध्ये बर्तोले नावाचा रसायनज्ञ इजिप्तला गेला. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी त्याला सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत धुण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले तर चुनखडी खाली बसते आणि मीठ राहते. तळ्याकाठी नेमके उलटे झालेले: मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सोडा. मीठ अतोनात, आणि झालेला सोडा काठावर थरांनी बाजूला पडत राहणारा. एवढ्याने अभिक्रियेची दिशा फिरली. पदार्थ कोणते हे जितके महत्त्वाचे तितकेच ते किती, ही गोष्ट त्याला तिथे सुचली. आणि मीठ नि चुनखडी यांपासून सोडा करण्याचा उद्योग, अमोनियाला मध्ये घालून, आपल्याकडे मिठापूरला चालतो. टाटा केमिकल्स तिथे 1939 मध्ये सुरू झाली तेव्हा तो ओखामंडळाचा मुलूख बडोदे संस्थानातच होता. देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ आजही गुजरातेत पिकते. आणि आमच्या मुलांना मीठ म्हणजे "आम्ल अधिक आम्लारी" एवढेच ठाऊक.

त्या पालकांना मी एवढेच सुचवते, की प्रयोगशाळा नको तर नको, चिरंजीवांना घेऊन पावसाळ्यात एकदा कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीपर्यंत जा. कुंपणाबाहेरूनच पाहा, हात लावायचा नाही. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला एक काचेची नळकांडी लोंबत असते, आत दाणे. तो त्याचा ब्रीदर. आतले तेल दिवसा तापून फुगते, रात्री निवून आक्रसते, आणि त्या हिशेबाने टाकी हवा सोडते, घेते. आत जाणारी हवा कोरडी हवी म्हणून ती या दाण्यांतून जाते. दाणे सिलिका जेलचे, त्यांवर कोबाल्ट क्लोराइड चढवलेले. कोरडे असताना ते निळे दिसतात, ओल धरली की गुलाबी. हवा खालून शिरते म्हणून गुलाबी रंग खालून वर चढतो. निम्म्याच्या वर गेला की लाइनमन दाणे काढून भाजतात, ते पुन्हा निळे होतात, पुन्हा भरतात. हवा, क्षार आणि दोन्ही दिशांनी होणारा बदल, सगळे भरचौकात टांगलेले आहे आणि त्याखालून रोज शेकडो मुले ट्यूशनला जातात. (कोबाल्ट अपायकारक म्हणून आता बऱ्याच ठिकाणी नारिंगी दाणे भरतात. तेही ओलीने रंग बदलतात.) पण हे पाहून घरी आलेला मुलगा विचारणार, "आपण करून पाहू या का?" तेव्हा त्याला मोबाइल देणार का?

आपल्या शहराला हे सांगावे लागावे याचे मला वाईट वाटते. सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढले ते त्रिभुवनदास गज्जरांसारख्या रसायनज्ञाला हाताशी धरून. रंग, रंगाई, रसायने हे सगळे तिथे हातांनी शिकवले जाई. त्याच गज्जरांनी पुढे कोटिभास्कर आणि अमीन या आपल्या शिष्यांसह 1907 मध्ये अलेंबिक ही रसायनांची कंपनी सुरू केली. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला चाफेकरांनी डांबर फासले होते, तो डाग उतरवला तोही गज्जरांनीच. फासणारे आपले, पुसणारे आपले. यालाही दुहेरी बाण म्हणायला हरकत नसावी! अशा गावात, रावपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावरची शाळा प्रयोगशाळेच्या खोलीत संगणकाची खोकी रचून ठेवते. कोणती ते लिहीत नाही. ज्यांची आहे त्यांना कळेल, आणि ती एकटी नाही.

ॲसिडच्या भीतीबद्दल दोन शब्द. भीती खोटी नाही. माझ्या डोळ्यांदेखत ज्या काही दुर्घटना झाल्या, त्या वर्गात चाळीस मुले आणि लक्ष द्यायला एकच माणूस असताना झाल्या. बाटलीतले ॲसिड त्याला कारण नव्हते. वर मी लिहिलेल्या प्रयोगांत तीव्र आम्ल कुठेच लागत नाही. लोहकीस, नवसागर, मोरचूद, लिटमस, परीक्षानळ्या, स्पिरिटचे दिवे आणि डोळ्यांवर चष्मे. चष्मे सोडले तर एका वर्गाचा सगळा खर्च एका मुलाच्या महिन्याच्या ट्यूशन फीच्या आत बसतो. लागतो तो वेळ, जोडून दोन तास, आणि मुलांच्या गटांमागे एकेक मोठे माणूस.

तेव्हा शाळांच्या विश्वस्तांना विनंती अशी, की दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी ते अकरावीला एकेकदा तरी असे जोडतास द्यावेत, आणि जर्नल प्रयोगानंतर लिहून घ्यावे, आधी नव्हे. लोहकिसाची नळी शनिवारी लावावी आणि जिना झाडणाऱ्या बाईंना सांगून ठेवावे की ती फेकायची नाही. आमच्याकडे दोनदा फेकली गेली होती. ज्या शाळेत साहाय्यकाची जागा भरलेली नाही (आणि आता बहुतेक ठिकाणी ती नाहीच), तिथे शनिवारी सकाळी मी यायला तयार आहे. पुड्या बांधीन, दिवे भरीन, नळ्या धुईन. मानधन नको. स्पिरिट आणि काडेपेटी मात्र शाळेने आणून ठेवावी.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
दांडिया बाजार, बडोदे

ता. क. नाव छापू नये. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. त्या पालकांनी मागितला तर जरूर द्यावा. येताना मुलाला घेऊन या म्हणावे, आणि नवे कपडे घालून येऊ नका असेही सांगावे.